मच्छरदाणी बांधणारे काका

मच्छरदाणीतलं माझ्या कॅम्पातल्या काकांना जेवढं कळतं तेवढं नाशिक जिल्ह्यात दुसऱ्या कुणालाही कळत नाही, आणि जन्मभर मच्छरदाण्या शिवून स्वतः मच्छरदाणीबाहेर झोपणारा माणूसही नाशिक जिल्ह्यात तोच एक. हे मी रागाने लिहीत नाही. राग होता तेव्हा मी पत्रकं लिहायचो. आता दमलो आहे, आणि दमलं की मला घोषणा सुचत नाहीत, माणसं आठवतात.

काका म्हणजे माझ्या सख्ख्या मावशीचे यजमान. देवळाली कॅम्पात बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं शिवणाचं दुकान. कॅम्पात गणवेश शिवणारे टेलर पुष्कळ, पण साहेब लोकांच्या मच्छरदाण्या शिवाव्यात त्या काकांनीच. "उभ्या माणसाचं माप कुणीही घेईल," ते म्हणत, "झोपलेल्या माणसाचं घेऊन दाखवा. तो कूस बदलतो." हे वाक्य ते तोंडात टाचण्या धरून म्हणत, त्यामुळे प्रत्यक्षात "झोपल्याचं घ्या, कूस बदलतो" एवढंच ऐकू येई. टाचण्या तोंडात असतील तर काका चार शब्दांच्या वर जात नसत, आणि टाचण्या डबीत गेल्या की बोलणं थांबत नसे. मी दारातून "जयभीम काका" म्हटलं की आधी त्यांचे ओठ बघायचो. ओठातून टोकं चमकत असली तर बसायचो. नसली तर बाहेरच्या बाहेर सटकायचो, कारण मला सभेला जायचं असायचं. मला तेव्हा सदानकदा सभेला जायचं असायचं.

कुठल्याही घरात शिरले की काका आधी वर बघत. घरची माणसं नमस्कार करत, पाण्याचा तांब्या पुढे करत, आणि काका मान वर करून चारी कोपरे बघून घेत. खिळा कुठे, वासा कुठे, दोरी कुठून येईल. माझ्या थोरल्या भावासाठी नांदगावला मुलगी बघायला गेलो तेव्हा मुलीच्या वडिलांना काकांनी पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही सगळे झोपता कुठं?" वडील शाळामास्तर, गरीब स्वभावाचे. ते गोरेमोरे झाले. मावशीने काकांच्या पायावर पाय दिला. "पाय कशाला देतेस?" काका भर बैठकीत म्हणाले, "त्या भिंतीला खुंटी नाही, म्हणून विचारलं." तरीही लग्न जमलं. लग्नाच्या दिवशी मास्तरांच्या त्या भिंतीला नवी कोरी खुंटी ठोकलेली होती, आणि सबंध लग्नात काका तेवढ्या एकाच गोष्टीवर खूश होते. जेवणाला त्यांनी नावं ठेवली, बँडला ठेवली, नवरदेवाच्या कोटाला तर ठेवलीच. खुंटीला मात्र दोनदा जाऊन हात लावून आले.

दर पावसाळ्यात त्यांना हिवताप धरायचा, आणि तो दिवसाआड, ठरल्या वेळेला यायचा. काका त्याच्याशी गिऱ्हाइकासारखे वागत. "आज नको, उद्या या," ते लोकांना सांगत, "आज दुपारी तीनला मला थंडी आहे." तीनला पाच मिनिटं कमी असताना मशीनवर कापड झाकायचे, टाचण्या डबीत ठेवायचे, तीन गोधड्या अंगावर घेऊन आडवे व्हायचे, आणि थोड्या वेळाने खाट अशी हलायला लागायची की शेजारचा चहावाला ओरडायचा, "मामू की गाडी छूट गयी!" घाम येऊन ताप उतरला की काका उठून उरलेली शिवण पुरी करायचे. हिवतापवाले घरी येऊन बोटाला टोचून काचेवर रक्त घेऊन जायचे, कडू गोळ्या द्यायचे. काका त्यातल्या निम्म्या खायचे आणि निम्म्या मशीनच्या खणात ठेवायचे. पुढच्या तापाला उपयोगी पडतील म्हणून.

मावशी कावायची. "सगळ्या पलटणीला झाकलंत, आता एक स्वतःला बांधा की हो."

"आत गेलो की मला शिवण दिसते," काका म्हणायचे. "दिसली की तपासावी वाटते. तपासत बसल्यावर झोप कसली लागते?"

ह्या माणसाला आमच्या कामात ओढण्याची बुद्धी मला झाली, त्याला कारण एक गठ्ठा. आमचं मंडळ म्हणजे नाशकातल्या वसाहतीतली सात-आठ पोरं. कुणाचा बाप कारकून, कुणाचा कामगार. एक सायक्लोस्टाइल मशीन, आणि देशात जे जे चुकलं आहे त्याची पाठ केलेली यादी. पेठकडच्या डोंगरात पावसाळ्यात माणसं तापाने जातात. फवारणीवाले भिंतीवर औषध मारून तारीख लिहून जातात, आणि सणाला घरं सारवली की औषध शेणाखाली जातं. म्हणून मी पत्रक काढलं होतं: 'डास गरिबालाच का चावतो?' दोन पानं, सोळा उद्गारचिन्हं. ते वाचून मुंबईच्या कुणा दानशूर मंडळींनी साठेक मच्छरदाण्या पाठवल्या. पांढऱ्याशुभ्र, बगळ्यासारख्या. वाटेत काहींची शिवण उसवली होती, म्हणून गठ्ठा घेऊन मी कॅम्पात गेलो, आणि सोबत माझं पत्रकही नेलं.

काकांनी आधी पत्रक वाचलं. टाचण्या काढून डबीत ठेवल्या. मी मनात म्हटलं, मेलो.

"चांगलं लिहितोस," काका म्हणाले. "पण डासाला वाचता येत नाही. आणि तो ज्याला चावतो त्यालाही येत नाही. मग हे छापलंस कुणासाठी?"

मी लोकजागृतीबद्दल बोलायला लागलो. तोवर त्यांनी एक मच्छरदाणी ओढून काढली होती, उजेडासमोर धरली होती. "एका कॉटची आहे. त्यांच्याकडे कॉट आहेत?"

"काका, प्रश्न कॉटचा नाही. प्रश्न हक्काचा आहे."

"असेल. हक्काला दोरी कुठून लावणार? घरात वासा कसा आहे ते बघितलंस?"

मी बघितलं नव्हतं. वाटपाची तारीख ठरली आहे एवढं मी सांगितलं, आणि 'वाटप' ह्या शब्दावर काका जे उसळले ते गठ्ठा पुन्हा बांधून होईपर्यंत उसळतच राहिले. "वाटतात पेढे! वाटतात ती तुझी पत्रकं! मच्छरदाणी बांधतात! ज्याला बांधायची त्याच्या घरात जाऊन, त्याच्या जागेवर आडवं होऊन बांधतात!" शेवटी मी म्हटलं, मग चला. ते लगेच चपला घालायला लागले. वाटप पंधरा दिवसांवर होतं.

पेठच्या पुढे घाट उतरून एक पाडा आहे. साठ घरं. ज्येष्ठात एका सकाळी आम्ही एसटीतून उतरलो, फलक लावला, मी भाषण केलं, कागदावर अंगठे घेतले, फोटो काढला. दीड तासात सगळं उरकलं. तेवढ्या वेळात काकांनी तीन मच्छरदाण्या बांधल्या. प्रत्येक घरात शिरून आधी ते वर बघत, मग चुलीपाशी जमिनीवर सरळ आडवे होत, डावी कूस, उजवी कूस, आणि पाड्यातली पोरं दारात गर्दी करून "म्हातारा निजला, म्हातारा निजला!" असं ओरडत. घरातल्या बाईला शेजारी उभं करून ते गाठ शिकवत. "ओढलीस तर सुटली पाहिजे, वाऱ्याने सुटता कामा नये. तू मार. पुन्हा मार." आमच्यातला एक जण म्हणाला, तुझे काका वेडे आहेत काय रे? मी ऐकू न आल्यासारखं केलं.

तिसरं घर चंदरीचं. ही तिथली सून, सातवा महिना लागलेली. आधीची दोन पोरं गेली होती, एक पोटात असताना आणि एक झोळीत, दोन्ही पावसाळ्यात, तापाने. हे तिच्या म्हाताऱ्या सासूने सांगितलं, पावसाने पेर वाहून गेली हे सांगावं तशा आवाजात. घरात सात माणसं, आणि सातही चुलीभोवती एका ओळीत झोपणारी. काका आडवे झाले, उठले. तोंडात टाचण्या नव्हत्या तरी बोलले नाहीत.

परतीच्या गाडीत म्हणाले, "सात माणसं. आणि एका कॉटची."

"चंदरीने झोपावं की आत. गरज तिलाच आहे."

"सून आत आणि सासू बाहेर? तू पत्रकच लिही."

मी मुंबईला कळवून टाकलं: साठ घरं, साठ मच्छरदाण्या, काम फत्ते.

महिन्याने आम्ही दोघंच पाहणीला गेलो. काकांचा ताप सुरू झाला होता, पण त्या दिवशी त्यांची सुट्टी होती. संध्याकाळी पोचलो. पाऊस झडत होता, पायाला चिखल, कानाशी डास. आणि एकाही घरात मच्छरदाणी टांगलेली नव्हती. चंदरीच्या घरी जाऊन बसलो. म्हातारीने आम्हाला बघितलं, माळ्यावरची टोपली उतरवली, आणि तिच्यातून घडी केलेली मच्छरदाणी काढली. नव्या कापडाचा वास तसाच होता. काकांनी शिकवलेली गाठ मारून तिने चारी कोपरे झकास बांधले. मला बरं वाटलं.

"नीज आता," ती मला म्हणाली. "तुझ्यासाठीच ठेवली."

"म्हणजे रोज लावत नाही तुम्ही?"

"रोज?" म्हातारी हसायला लागली. "एवढी चांगली वस्तू रोज कोण काढतं? पाहुणा आला का लावायची."

मी घरोघर फिरून आलो. साठही घरांत हेच. एका घरात तर मेहुणा दुपारचा जेवायला आला होता, त्याला भर उकाड्यात मच्छरदाणीत बसवून भाकरी वाढली होती. तो घामाघूम झाला, पण मान मिळाला म्हणून खूश होऊन गेला. मी चंदरीच्या घरी परत येऊन बोलायला लागलो. रोगाबद्दल बोललो, शासनाबद्दल बोललो, पोटातल्या जिवाबद्दल बोललो. म्हातारीने सगळं मन लावून ऐकलं. "बरं बोलतंस," ती म्हणाली. "दमला असशील. नीज."

नाही म्हणणं म्हणजे तिचा अपमान. आम्ही दोघं आत शिरलो. जाळीतून मला दिसत होतं, चुलीच्या उजेडात चंदरी बसली होती आणि पायावर, दंडावर, पोटावर चापट्या मारत होती. प्रत्येक चापट मला ऐकू येत होती. माझ्या सोळा उद्गारचिन्हांचं हे असं झालं होतं: चळवळीचा कार्यकर्ता मच्छरदाणीत आणि पोटुशी बाई बाहेर.

सकाळी उठलो तर काका ओट्यावर, हातात कातर. डोळे तांबारलेले.

"झोपला नाहीत?"

"शिवण बघत होतो," काका म्हणाले. "चूक शिवणाऱ्याची आहे रे. फार देखणी केलीय. अशी वस्तू घरात आली तर मीसुद्धा ठेवूनच देईन." मग म्हातारीकडे वळून म्हणाले, "आजी, जुनी लुगडी काढा. फाटकी, विरलेली, असतील ती."

म्हातारीने बोचकं आणलं. काकांनी त्या पांढऱ्या मच्छरदाणीला मधोमध कातर लावली आणि एका दमात टर्रकन आरपार नेली. म्हातारी किंचाळली. मीही किंचाळलो, "काका! मुंबईच्या लोकांना काय सांगू मी?"

"सांग, सात माणसांची केली."

दोन दिवसांनी ते हातमशीन डोक्यावर घेऊन पाड्यावर राहायलाच गेले. मावशीने अबोला धरला, काका उसवलेल्या शिवणी दुरुस्त करायला गेलेत अशी मी मंडळात थाप मारली. श्रावण सबंध काका त्या ओट्यावर होते. एक दिवस शिवायचे, एक दिवस कुडकुडायचे. त्यांच्या थंडीची वेळ पाड्याला पाठ झाली. ती आली की बाया शेतातून येऊन अंगावर पोती टाकून जात. घराघरातून विरलेली लुगडी येत, धोतरं येत, आणि काका जाळीच्या दोन तुकड्यांमध्ये ती जोडत जात. निळी, तांबडी, चौकड्याची, ठिगळाला ठिगळ. एक टाका वाकडा गेला तर सबंध बाजू उसवणारा हा माणूस मुद्दाम वाकडी ठिगळं लावत होता, आणि त्याचा त्यांना त्रास होत होता. मी रविवारी गेलो की मान फिरवून म्हणायचे, "बघू नकोस. कॅम्पातल्या साहेबाने बघितलं तर उभा करून गोळी घालेल मला."

चंदरीच्या घराची झाली तेव्हा मी तिथे होतो. तिचंच विटलेलं हिरवं लुगडं मधोमध, खाली खोचायला सासूच्या लुगड्याचे काठ. म्हातारीने ती अंगणातून बघितली, घरातून बघितली, आणि कपाळावर हात मारला. "ही आता पाहुण्याला कशी दाखवू रे?"

"नका दाखवू," काका म्हणाले.

ती पुन्हा टोपलीत गेली नाही. दाखवायला लाज वाटावी अशी झाली, म्हणून ती घरातलीच झाली. पावसाळा सरता सरता चंदरीला मुलगी झाली. काका पुन्हा पाड्यावर गेले, टेपने पोरीचं माप घेतलं, खडूने कुडावर लिहिलं, आणि मच्छरदाणीत तेवढी एक पट्टी वाढवली. "कूस बदलायला लागली म्हणजे लागेल," म्हणाले.

दिवाळीनंतर मुंबईची मंडळी फोटो काढायला आली. त्यांनी घरोघर ती रंगीबेरंगी लक्तरं टांगलेली बघितली आणि त्यांचे चेहरे पडले. "ह्या आमच्या नाहीत," त्यांच्यातल्या एक बाई म्हणाल्या. मंडळात सभा झाली. मला जाब विचारला गेला. मी ह्या लेखात सगळ्यांकडे बोट दाखवलं, तर एक स्वतःकडेही दाखवतो. मी उभा राहून म्हणालो, "काकांनी परवानगी घेतली नव्हती." एवढंच बोललो. खोटं नव्हतं. तसं लेखी दिलं आणि खाली सही केली. काकांना ते कळलं. मी दुकानात गेलो की टाचण्या तोंडात घालत, एवढंच. शिवण नसली तरी घालत.

दोन पावसाळे गेले. मंडळ मोडलं, सायक्लोस्टाइल मशीन कुणीतरी नेलं. गेल्या आठवड्यात रेशनच्या कामाने मी त्या पाड्यावर एकटाच गेलो. उशीर झाला, शेवटची एसटी चुकली. चंदरीच्या घरी गेलो. मच्छरदाणी टांगलेलीच होती, पहिल्यापेक्षा रुंद, पहिल्यापेक्षा भयंकर. तिने स्वतः आणखी दोन ठिगळं जोडली होती, आणि मधे झोळ येतो म्हणून दोन दोऱ्या वाढवल्या होत्या. आत म्हातारी, दीर, नणंद, नवरा, आणि ती पोरगी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्यांच्या पायांवरून धावत होती. मी दारात उभा राहिलो. कुणी टोपली उतरवली नाही.

"मी कुठं झोपू?" मी विचारलं.

"तू वट्यावर नीज," चंदरी आतूनच म्हणाली. "आत जागा नाय."

सकाळी अंगावर डासांच्या गांधी घेऊन मी पहिली एसटी धरली आणि तडक कॅम्पात गेलो. काका खाटेवर होते. दोन वर्षांत फार वाळले आहेत. दोरा सुईत जात नाही म्हणून मशीनवर कापड कायमचंच झाकलं आहे. त्या दिवशी त्यांची थंडीची पाळी होती आणि तीन वाजायचे होते. तोंडात टाचण्या नव्हत्या.

मी सगळं सांगितलं.

"कोपरे किती?" काकांनी विचारलं.

"सहा. तिने दोन वाढवले."

"आणि तुला काय म्हणाली? पुन्हा सांग."

"आत जागा नाही म्हणाली."

काका हसायला लागले. हसता हसता खोकले, खोकता खोकता डोळे पुसले. मावशीला हाक मारून म्हणाले, "ऐकलंस का? ह्याला बाहेर झोपवलं!" मी सहीबद्दल बोलायचं ठरवून गेलो होतो. तोंड उघडलं तर ते म्हणाले, "चहा घे आधी. तुझ्या कानावर बघ केवढी गांधी."

मावशीने आतून एक जुनी मच्छरदाणी आणून माझ्या हातात दिली. मी स्टूल घेऊन चढलो आणि काकांच्या खाटेवर ती बांधायला लागलो. एक दोरी खुंटीला, एक खिडकीच्या गजाला, एक मशीनला, एक दाराच्या कडीला. साठ मच्छरदाण्या वाटल्या, पण स्वतःच्या हाताने बांधली ती ही पहिलीच. काका नको म्हणाले नाहीत. गोधड्या ओढून आत पडून राहिले आणि जाळीतून माझ्या गाठींकडे बघत राहिले.

"ती दाराकडची सुटेल," ते म्हणाले.

मी ती सोडून पुन्हा मारली. तीन वाजले, खाट हलायला लागली, चारी दोऱ्या थरथरल्या. बाहेर चहावाला आज काही ओरडला नाही. बऱ्याच वेळाने सगळं शांत झालं. मी वाकून बघितलं. काकांचा चेहरा वर, शिवणीकडे होता. ते झोपले होते की अजून टाके तपासत होते, ते बाहेरून कळत नव्हतं. मी दाराकडची गाठ हातात धरून तिथेच बसून राहिलो.